कुशाबाची वाघर

मित्रांनो, मी एक जुनी वाघर आहे. हा शब्द तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलाही नसेल. ऐकून वाघ आठवला तर लाजू नका, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांचीही तीच गत होते. मेंढपाळ मुक्कामाला थांबला की आपल्या मेंढरांभोवती दोरांची जी जाळी उभी करतो, ती मी. चारी बाजूंनी मेढी, म्हणजे लाकडी खांब, रोवायच्या, त्यांच्यावर मला ताणायचं आणि मेंढरं आत घ्यायची. बिबट्या बाहेर राहतो, कोकरू आत राहतं. एवढंच माझं काम. सोपं आहे ना? मलाही कितीतरी वर्षं ते सोपंच वाटत होतं.

मला बहिरूनं विणलं. तो आमच्या कुशाबाचा बाप. पौडच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्यांची चार घरांची वस्ती होती. बांधावरच्या घायपाताची पानं त्यानं ओढ्यात कुजत घातली, दगडावर बडवून त्यांचा वाख, म्हणजे धागा, काढला आणि मांडीवर पीळ देत देत दोर वळला. त्या उन्हाळ्यात त्याची मांडी पार सोलवटून निघाली. माझं प्रत्येक घर, म्हणजे गाठींमधली मोकळी जागा, त्यानं चार बोटांचं ठेवलं, कारण चार बोटांतून कोकराचं डोकं जात नाही, आणि डोकंच गेलं नाही तर फासही बसत नाही. एखादं घर सैल पडलं तर तो अख्खी ओळ उसवायचा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं लोक हट्टी माणसाला म्हणतात. मी तर सुंभाच्याच गोतातली. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा पीळ सापडला तर सांभाळून घ्या.

बहिरू गेल्यावर मी कुशाबाकडे आले. कुशाबाची बायको तुकाबाई. कळप सत्तरच्या आसपास, शिवाय चार शेळ्या, एक घोडी आणि ओझ्यात सगळ्यांत वर मी. मुळशीचा पाऊस मेंढराला सोसत नाही, खुरं कुजतात. म्हणून पावसाळ्याचे चार महिने आम्ही पूर्वेकडे कोरड्या मुलखात काढायचो आणि दिवाळीनंतर, भातं निघाली की परत यायचो. तेव्हा खाचरांतून नुसते भाताचे सड उरलेले असायचे आणि शेतकरी आमची वाट बघत असायचे. खरंच सांगते, वाट बघत असायचे. कारण मेंढरं ज्या रानात बसतात त्या रानाला लेंडी आणि मूत मिळतं, आणि तसं खत कुठल्या पोत्यातून येत नाही. आज या खाचरात, उद्या शेजारच्या, असं करत आठ-दहा दिवसांत कुशाबा सगळं रान बसवून द्यायचा. माझ्या मेढी जिथं जिथं रोवल्या गेल्या, तिथला आंबेमोहर पुढच्या साली कमरेला लागायचा. शेतकरी त्यातलाच चार पायल्या तांदूळ कुशाबाला द्यायचा. तुकाबाई तो शिजवायची तेव्हा वास माझ्या गाठीगाठीत शिरायचा.

या सगळ्याला कागद नव्हता. रीत होती. शेतकऱ्याला मेंढरं हवी असली की दसऱ्याला मेंढपाळ एकटाच गावी येऊन जायचा तेव्हा तो त्याच्या हातावर एक सुपारी ठेवायचा. सुपारी घेतली की मेंढपाळानं दुसरीकडे जायचं नाही, आणि दिली की शेतकऱ्यानं दुसऱ्याला बोलवायचं नाही. त्या मुक्कामात पाणी शेतकऱ्याचं. मी पाहिलेल्या एवढ्या वर्षांत ती सुपारी कुणी मोडली नव्हती. अलीकडच्यांना हे बावळटपणाचं वाटेल. वाटू दे.

मग रानंच कमी होत गेली. मारुंजीला ज्या पट्टीत मी पहिल्यांदा ताणले गेले होते, तिथं आता बारा मजली इमारत आहे. शेजारच्या जांबे गावात कुशाबाला ओळखणारे शेतकरी खोल्या बांधून भाड्यानं देऊ लागले. माणसं तीच, पण रानच उरलं नाही तर बोलावणार कुठं? दरसाल एकेक मुक्काम गळत गेला. शेवटी हक्काचं असं एकच मोठं रान राहिलं. ते दादासाहेबाचं, पौडच्या अलीकडे ओढ्याला लागून असलेलं, सहा एकरांचं.

दादासाहेब हा दिलदार गडी होता. कळप आला की स्वतः बांधावर येऊन बसायचा, कुशाबाशी गप्पा मारायचा, माझ्यावर हात फिरवून म्हणायचा की बहिरूच्या हाताला तोड नाही. मला ते आवडायचं. कौतुक कुणाला आवडत नाही?

दोन वर्षांपूर्वी दादासाहेबाच्या गावात एक कंपनी आली. तिच्यातर्फे निरंजन नावाचा तरुण बोलायला यायचा. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही सगळं खापर त्याच्यावर फोडाल. कंपनी जमीन विकत घेणार नव्हती. नऊ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेणार होती. भात इथलंच, आंबेमोहर. रासायनिक खत तीन वर्षांत हळूहळू बंद. गावातल्या बायांना वर्षभर काम. माती आज कशी आहे आणि पाच वर्षांनी कशी असेल, याचीही तपासणी होणार. ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर सभा भरली. निरंजन दोन तास बोलला. त्यानं कुणाला फसवलं नाही, प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. मग ज्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत त्यांची यादी वाचली आणि एकेकाचं म्हणणं लिहून घेतलं.

त्या दिवशी आम्ही तिथंच होतो. घोडी झाडाखाली बांधली होती, मी तिच्या पाठीवर होते आणि नवराबायको सभेच्या कडेला उकिडवी बसली होती. तुकाबाईनं कुशाबाला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाली, "अवं, इचारा की. आपली मेंढरं कुटं बसायची?"

कुशाबानं मान हलवली. "आपलं नाव न्हाई त्यात. जमीनवाल्यांची सभा हाय. दादासाहेब हाईत की बोलायला."

आमच्या लोकांची हीच खोड. दुसऱ्याच्या रानात जन्म काढायचा, पण दुसऱ्याच्या सभेत तोंड उघडायचं नाही. त्यात मर्यादा आहे असं ते मानतात. आणि दादासाहेब का बोलला नाही? त्याला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे? कंपनीनं घेतलं ते पीक. पीक निघालं की रान रिकामं, आणि रिकाम्या रानात मेंढरं बसतात. हे काय कुणाला सांगायला लागतं? करारात मात्र एक ओळ होती, की या जमिनीत दुसऱ्या कुणाचीही जनावरं येऊ द्यायची नाहीत. दादासाहेबानं सही करताना ती ओळ वाचली होती. वाचली आणि गाया-म्हशींबद्दल असेल असं समजून पुढं गेला. त्या वर्षीही दसऱ्याला त्यानं कुशाबाच्या हातावर सुपारी ठेवली.

मित्रांनो, आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझ्या गाठी आवळतात. पण आत्मवृत्त म्हणजे नुसतं कौतुक नव्हे.

मार्गशीर्ष लागला होता. भात निघालं होतं आणि कंपनीनं ओढ्यापासून दूरच्या दोन एकरांत भाजीपाला लावला होता. बाकी रान मोकळं होतं. दादासाहेबानं निरोप पाठवला की या, मेंढरं बसवा, पाणी टाकीतलं घ्या. तो स्वतः लग्नाला नगरकडे गेला होता. आम्ही दिवसभर डोंगर उतरून दिवस कलता कलता तिथं पोचलो. मेंढरं तहानेनं कासावीस झाली होती. ओढा त्या साली लवकर आटला होता.

कुशाबानं मेढी रोवल्या, मला ताणलं, कळप आत घेतला. बांधावर एकसारख्या दोन काळ्या टाक्या होत्या. दादासाहेबानं पाहिली होती ती एक. दुसरी त्याच आठवड्यात आली होती. तिच्यात भाजीला नळ्यांवाटे सोडायचं खत कालवून ठेवलं होतं, युरियाचं पाणी. दिसायला नितळ. तिच्यावर पाटी नव्हती असं नाही. चांगली मोठी पाटी होती, लाल अक्षरात, मराठीत. पण ती रस्त्याच्या बाजूला लावली होती, कारण कंपनीचे पाहुणे गाडीनं रस्त्याकडून यायचे. मेंढरं ओढ्याकडून येतात, हे कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला पाटीची पाठ दिसत होती.

तुकाबाईनं जवळची टाकी उघडली. बादल्या भरभरून आतल्या घमेल्यांत ओतल्या. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढून प्यायली. तिला बरं वाटलं, ती हसली आणि चुलीकडे वळली.

दिवा लावायच्या आतच पहिली मेंढी थरथरू लागली. मग दुसरी. पोटं फुगली, तोंडाला फेस आला. जनावराला आत काही झालं की ते बाहेर धावतं. सगळा कळप माझ्यावर येऊन आदळू लागला. आणि मी काय केलं? मी घट्ट उभी राहिले. मला तेवढंच येत होतं. बहिरूनं मला तेवढ्यासाठीच विणलं होतं. चार बोटांच्या घरांतून मला त्यांचे डोळे दिसत होते आणि मी एकालाही बाहेर जाऊ दिलं नाही. जन्मभर मला वाटत आलं की मरण बाहेरून येतं. ते मीच आत कोंडून घेतलं होतं.

तुकाबाई विळा घेऊन धावत आली आणि तिनं मला मधोमध फाडलं. तिनं ते केलं याबद्दल मी तिचे पाय धरीन. जी वाचली ती तेवढ्यानं वाचली, कारण त्यांच्या वाट्याला पाणी थोडंच आलं होतं आणि ती चेंगरायच्या आत मोकळी झाली. बाकीची भोकातून बाहेर आली आणि तिथंच कोसळली. अडुसष्टांपैकी त्रेचाळीस गेली. त्यात एक गाभण मेंढी होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन कुशाबा बसून राहिला. तो रडला नाही. तो तिच्या कानामागं खाजवत राहिला.

सकाळी पौडहून जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं टाकी बघितली आणि लगेच ओळखलं. निरंजन आला. तो मेलेल्या कळपातून खाली मान घालून फिरला. दादासाहेबही रात्रीच निघून परत आला होता. गाव जमलं. निरंजनला सारखे फोन येत होते. फोनवरचा माणूस एकच विचारत होता, की ही मेंढरं तिथं आली कुणाच्या परवानगीनं.

शेवटी निरंजननं सगळ्यांसमोर विचारलं, "दादासाहेब, यांना तुम्ही बोलावलं होतं का?"

आता सगळं त्या एका उत्तरावर होतं. हो म्हटलं तर मेंढरं हक्कानं आली होती आणि कंपनीला कुशाबाला भरपाई देणं भाग होतं. पण हो म्हटलं तर ती करारातली ओळ दादासाहेबानं मोडली होती, आणि कराराच्या पैशाच्या भरवशावर त्यानं मारुंजीला खोल्यांचं बांधकाम काढलं होतं. मी त्याला तीस वर्षं ओळखत होते. माझ्यावर फिरलेला त्याचा हात मला ठाऊक होता. मला शंकाच नव्हती तो काय म्हणेल याची.

दादासाहेबानं कुशाबाकडे बघितलं नाही. त्यानं माझ्याकडे, माझ्या फाटलेल्या भोकाकडे बघितलं.

"दर साली येत्यात ते," तो म्हणाला. "मी काय बोलावलं न्हवतं."

कुशाबा उठला. त्यानं कमरेची गाठ सोडली, सुपारी काढली आणि दादासाहेबाच्या पायाशी बांधावर ठेवली.

"मंग ही तुमची ठिवा," तो म्हणाला. "आमच्याकडं चुकून आली असंल."

गावातल्या पन्नास माणसांनी ती सुपारी बघितली. सुपारी म्हणजे काय, हे त्या पन्नासांनाही माहीत होतं. एकही बोलला नाही. कुणाची जमीन कंपनीकडे होती, कुणाची जायची होती. निरंजनला मात्र त्या सुपारीचा अर्थ कळला नाही. त्यानं कागदावर लिहिलं, की जनावरं विनापरवाना आत आली. कागदावर मेंढरं तिथं असायलाच नको होती, मग त्यांच्या मरणाची भरपाई कसली? दुपारी यंत्र आणून ओढ्याच्या कोपऱ्यात खड्डा केला आणि त्रेचाळीस मेंढरं त्यात लोटली. मला विणल्यापासून मी रानांना खत देत आले होते. तसलं खत मात्र मी कधी दिलं नव्हतं.

उरलेली पंचवीस कुशाबानं महिन्याभरात देऊन टाकली. त्याला ती बघवत नव्हती. वस्तीवरचं घर बंद करून दोघं मारुंजीला आली. कुशाबाला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीवर राखणदाराचं काम मिळालं. ज्यानं जन्मभर मेंढरं राखली तो आता सिमेंटची पोती राखू लागला. तुकाबाई विटा वाहायला लागली. मला पोत्यात कोंबून जिन्याखाली टाकलं. उंदरांनी माझी दोन-तीन घरं कुरतडली. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा कुजून जायचं होतं.

वर्षभरानं एक दिवस निरंजन तिथं आला. त्याला गावातल्या कुणीतरी एकानं शेवटी सुपारीची गोष्ट सांगितली होती. इतक्या उशिरा सांगणाऱ्यालाही मी नावं ठेवणार नाही, इतरांनी तर तेवढंही केलं नाही. तो वाळूच्या ढिगावर बसला आणि म्हणाला की चूक झाली. रानातली माती दगडासारखी होत चालली होती, लेंडीखत लांबून ट्रकनं आणावं लागत होतं. कंपनीनं आता नवीन नियम केला होता, की जमीन घेण्याआधी तिथं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना, मेंढपाळांनाही, विचारायचं. त्यासाठी त्याच्याकडे छापील कागद होता. त्यावर कुशाबाचा अंगठा हवा होता, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला हक्कानं बोलावता येईल.

कुशाबानं कागद उलटसुलट बघितला. "मेंढरं कुटनं आनू?" एवढंच तो म्हणाला.

तुकाबाई डोक्यावरचं विटांचं घमेलं खाली ठेवून जवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, मला तो असता तर बरं वाटलं असतं.

"आदी इचारत्यात ती इचारपूस, बाळा," ती म्हणाली. "मागनं इचारत्यात त्याला पंचनामा म्हनत्यात."

तरी कुशाबानं त्याला अजून त्या बाजूला येणाऱ्या दोन मेंढपाळांची नावं सांगितली. त्यांना दसऱ्याच्या आधी गाठ म्हणाला, आणि पाटी ओढ्याकडून दिसंल अशी लाव म्हणाला. निरंजननं ते हातावरच लिहून घेतलं. जाताना तो तुकाबाईच्या पाया पडला. दादासाहेबाचं म्हणाल तर तो मारुंजीत महिन्याच्या महिन्याला भाडं गोळा करायला येतो. कुशाबा समोरून आला की तो रस्ता ओलांडतो.

आता माझं सांगून संपवते. या इमारतीवर काम करणाऱ्या बाया आपली लेकरं तिसऱ्या मजल्यावर सावलीत ठेवतात. तिथं कठडा अजून झालेला नाही. एकदा एक रांगतं पोर अगदी कडेपर्यंत गेलं. त्या दिवशी तुकाबाईनं मला पोत्यातून काढलं, फाटलेलं भोक निळ्या नायलॉनच्या दोरीनं शिवलं आणि दोन खांबांच्या मध्ये ताणून बांधलं. मी पुन्हा उभी आहे. चार बोटांच्या घरांतून लहान लहान बोटं बाहेर येतात. पोरं माझ्यावर रेलतात आणि मी धरून राहते. त्यांच्यातलं एखादं खोकलं तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी जमीन घेईल, कुणी तिच्यात पैसा घालेल, कुणी लोकांना अन्न पिकवून देईल. चांगल्याच मनानं देईल. निरंजनचंही मन चांगलं होतं, आणि घट्ट उभी राहणारी मीही काही वाईट नव्हते. म्हणून तुम्हाला एकच विनवते. जिथं कुंपण घालाल तिथं कागदावर नसलेलं कोण कोण येतं, ते आधी पायी फिरून विचारा. आणि तुकाबाई करते तसं करा. दुपारी ती पोरांसाठी पाण्याची बादली घेऊन वर येते. नळाचंच पाणी असतं, सगळी इमारत तेच पिते. तरी ती बादली खाली ठेवते, ओंजळभर पाणी स्वतः पिते आणि भिंतीला टेकून बसून राहते. पोरं पाण्यासाठी रडतात, तिचा पदर ओढतात, त्यांच्या आया तिला हसतात. ती हलत नाही. बराच वेळ जातो. आपल्याला काही होत नाही अशी खात्री पटली, की मगच ती पेला भरते.